मालकांच्या नाकावरचा फोड

खोटं वाटेल तुम्हाला, पण शिरोलीच्या एका कारखान्यात खुद्द मालकांच्या नाकानं रेहाना मुजावरची नोकरी वाचवली.

मालक बापूसाहेब मगदूम भलते घाईचे. साच्यात दाबलेला ॲल्युमिनियमचा रस पुरता गोठायच्या आतच साचा उघडायचा, असा त्यांचा हुकूम. मग आत कोंडलेली हवा फुगायची आणि तिथं बनणाऱ्या पंपाच्या झाकणांवर फोड उठायचे.

"साचा लवकर उघडल्यानं काही होत नाही," साहेब सुपरवायझर रेहानावर गरजले. "तुमचे हातच वाईट! उद्या एक जरी फोड दिसला, तर घरी बसायचं."

दुसऱ्या दिवशी साहेबांची साठी. पाहुण्यांना वाटायला त्यांच्या चेहऱ्याची पदकं त्याच मशीनवर काढायची होती. रेहानानं हुकूम तंतोतंत पाळला. पहिलं पदक बघताच साहेब किंचाळले. नाकावर तुरीच्या दाण्याएवढा फोड!

"अगं बाई, जरा थांबून उघड की साचा!"

"थांबते की साहेब. पण नाकासाठी थांबायचं, तर झाकणांनी काय घोडं मारलंय?"

तेव्हापासून तिथं सगळंच नीट गोठल्यावर निघतं. ते पहिलं पदक मात्र मालकीणबाईंनी कपाटात जपून ठेवलंय. म्हणतात, "फोटोपेक्षा हेच हुबेहूब! नाकावरचा राग फोटोत कुठं दिसतो?"