अनसाईचा बिनदांड्याचा वाकस

फार वर्षांपूर्वी, उंबरखोलात हाताने सुतारकी करणारी चाळीस घरं होती तेव्हा, तिथे अनसाई नावाची बाई राहायची. ती तान्ही असतानाच तिचा बाप, भिवा सुतार, पटकीच्या साथीत गेला. त्याची हत्यारं कोणी कुठे नेली, कोणालाच सांगता येईना. आई एवढंच सांगायची, "तुझा बाप डावरा होता, तुझ्यासारखाच. आणि त्याच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं."

तेवढ्यावर अनसाई बाप शोधायला निघाली.

गावोगाव जाऊन ती मेलेल्या सुतारांची हत्यारं मागायची. रंधे, पटाशा, करवती, आणि लाकूड तासायचे आखूड दांड्याचे वाकस. पात्याकडे ती बघायची नाही, दांड्यावर अंगठा फिरवायची. वीस-तीस वर्षं एकाच हातात राहिलेल्या दांड्याला अंगठ्याएवढा खळगा पडतो. त्यावरून ती मालक ओळखायची. "हा उंच होता. याला घाई फार. याचा हात शेवटी शेवटी थरथरायचा." घरचे ऐकून रडायचे आणि हत्यार तिच्या ओटीत घालायचे, असं म्हणतात. प्रत्येकाचं नाव-गाव तिला पाठ होतं. पडवीत तीनशे हत्यारं जमली, तरी बाप सापडेना.

शोधाच्या एकतिसाव्या वर्षी घाटाखालच्या एका गावात, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू दिलेला एक वाकस तिला दिसला. खळगा डाव्या अंगठ्याचा. खळग्यात केसाएवढी रेघ. तिने अंगठा ठेवला, तो नेमका बसला, आणि दांडा कोमट लागला, असं म्हणतात. वाकस तिने घरी आणला. मग रोज सकाळी ती त्या खळग्यात अंगठा ठेवून बसायची. बापाशी तिची तेवढीच भेट.

त्या वर्षी खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेला, मामलेदार तिची पडवी बघायला येणार असा निरोप आला. अनसाई तेव्हा एका रंध्याच्या मालकाचं नाव पक्कं करायला लांबच्या गावी गेली होती. सुतारांनी ठरवलं, बाईने आपल्या धंद्याची लाज राखली, आपणही तिच्यासाठी काही करू. सुतारकीत हत्याराचा मान म्हणजे पात्याला धार आणि नवा दांडा. चार दिवस चाळीस घरं राबली. तिला विचारायला कोणाची जीभ झिजणार होती? पण कोणी विचारलं नाही. वाईट माणसांनी केलं असतं तर त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या.

नवमीच्या सकाळी ती परतली. रावजी मिस्त्रीने तिला ओट्यावर बसवलं, कढत पाण्याचा तांब्या हातात दिला.

"चालून दमलीस, आक्का. आधी पाय शेक. मग आत चल. तुझी सगळी माणसं नवे कपडे घालून बसलीत!"

तिने पाय धुतले. आत गेली. बाभळीचे तीनशे नवे दांडे. सगळे सारखे, गुळगुळीत.

"जुने कुठायत रे, रावजी?"

रावजी हसला. "ते झिजके? मग पाणी कशावर तापवलं वाटतं तुला?"

तिने चुलीत हात घातला. हाताला राख लागली. त्या राखेतून तीनशे हत्यारांचा ठकठकाट उठला, साऱ्या गावाने ऐकला, आणि एकदम थांबला, असं म्हणतात. मामलेदार आलेच नाहीत. ऊन फार म्हणून वाटेतूनच माघारी वळले.

अनसाई चुलीपासून उठली. बापाच्या वाकसाचा नवा दांडा तिने उपसून काढला, पातं ओट्यावर ठेवलं आणि ओल्या पावलांनी घाटाच्या वाटेला लागली. पुन्हा ती कोणाला दिसली नाही. कातळावरची तिची पावलं मात्र अजून वाळलेली नाहीत, असं म्हणतात.

उंबरखोलात आजही खंडेनवमीला ते बिनदांड्याचं पातं सगळ्यात पुढे मांडतात. त्या दिवशी गावात पाणी तापत नाही, म्हातारीकोतारीही गार पाण्याने आंघोळ करतात. मग जो तो आपापल्या हत्याराच्या मुठीवर अंगठा ठेवून बघतो. सुतारांची घरं आता दोनच उरलीत. हत्यारं विजेची, मुठी प्लॅस्टिकच्या, दोन-तीन वर्षांत बदलायच्या. तरी अंगठा ठेवतात. बराच वेळ ठेवतात.

खळगा काही लागत नाही.