चुलीपुढचा पाहुणा

देवबागच्या मंदाकिनी केळुसकरांनी राहत्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या, तेव्हाच पाहुण्यांचा विमा रीतसर उतरवला होता. पुढे एक पाहुणे त्यांच्या स्वयंपाकघरात घसरले आणि त्यांचा पाय मोडला. विमा मिळाला नसता, तर त्यांच्या दवाखान्याच्या खर्चापायी बाईंचं घरच गहाण पडलं असतं.

विमा कंपनीकडून चौकशीला आलेले तिरोडकरसाहेब बांगड्याच्या वासाने थेट चुलीपाशी आले. "वहिनी, इथेच बसतो. तव्यावरची गरम भाकरी वाढा."

दुसरी भाकरी मोडताना त्यांनी निकाल दिला, "विमा पाहुण्यांच्या जागेपुरता. स्वयंपाकघर तुमचं खासगी. पाहुण्याने इथे यायचंच कशाला? दावा नामंजूर!"

बाईंनी शांतपणे त्यांचं ताट उचललं. "मग उठा, साहेब. बाहेर बसा. भाकरी गार झाली की आणून देते."

"अहो, अहो!" साहेबांनी ताटाची कड धरली. "सगळे पाहुणे इथेच तर जेवतात! हे पाट मग कोणासाठी मांडलेत?"

"तुम्ही बोललात तेवढंच लिहा, साहेब."

साहेबांनी लिहिलं, सही केली, मगच ताट खाली आलं. दावा मंजूर झाला. देवबागकर आजही छाती फुगवून सांगतात, "आमच्या बाईंना वकील लागत नाही, तवा पुरतो."