सिंहासनावरचा सरडा

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. मनाचा मोठा, पण जिभेला हाड नाही. एके दिवशी त्याच्या दरबारात धूम्रा नावाची चेटकीण आली. येताना म्हातारी होती, बोलता बोलता तरुण झाली, बसेपर्यंत पोर झाली. राजा भर दरबारात हसला आणि म्हणाला, "सरड्यासारखे रंग बदलणाऱ्यांना आमच्याकडे थारा नाही."

धूम्रा रागावली नाही. म्हणाली, "मग रंग बदलणे काय असते, ते तूच बघ. तीन वेळा कात टाकशील, तेव्हा माणूस होशील. त्याआधी मेलास, तर मेलास." एवढे बोलून ती निघून गेली, आणि सिंहासनावर वीतभर लांबीचा एक सरडा उरला.

दुसरे एखादे राज्य असते तर आकांत झाला असता. पण इथे प्रधान होते गदाधरपंत. रीत मोडली की त्यांचे पोट दुखे. ते म्हणाले, "देह बदलला आहे, पद बदललेले नाही. दरबार नेहमीसारखा भरेल." आणि भरला! सरड्याखाली मखमलीची गादी आली, डोक्यावर छत्र आले, चोपदार कानठळ्या बसतील असे ललकारू लागले. मानकरी रांगेने मुजरा करू लागले. पुढ्यात केशरी दूध आणि पुरणपोळी, सकाळी अत्तराचे स्नान. राजवैद्य तर काडीएवढ्या मनगटाची नाडी बघत. आता बोला!

राणी कुमुदिनी शेजारी बसून बघत होती. सरडा काळवंडला. डोळे खोल गेले. शेपटीच्या बुडाशी हाडे दिसू लागली. गदाधरपंत म्हणाले, "महाराज रुसले आहेत." राणीला वाटले, रुसलेला माणूस निदान पाठ तरी फिरवतो, हा तर मरायला टेकला आहे. तिच्या घशाखाली घास उतरेना. हा गेला तर आपले काय उरले, या विचाराने तिच्या जिवाचे पाणी पाणी होई.

शेवटी ती उठून बागेत गेली. तिथे उंबरावर एक भारद्वाज बसला होता. त्या राज्यातले भारद्वाज विचारल्यास बोलत.

"पक्षिराज, माझा सरडा जगवायचा आहे."

"सरड्यांची मला बारीक माहिती आहे."

"ती कशी?"

"मी ते खातो."

राणी दोन पावले मागे सरली. मग गरज आठवून पुन्हा पुढे झाली.

भारद्वाज म्हणाला, "राणीसाहेब, तुम्ही राजा सांभाळता आहात. राजा म्हणून सांभाळाल तर सरडा मरेल. सरडा म्हणून सांभाळा, राजा येईल. तीन कामे आहेत. पहिले ऐका. उघड्या चौकात त्याला घर द्या. एका टोकाला उन्हात तापणारा काळा दगड, दुसऱ्या टोकाला गार सावली, मध्ये चढायला फांदी, लपायला ढोली. काचेतून आलेले ऊन त्याच्या हाडांना लागत नाही, म्हणून वर काच नको, जाळी घाला."

"जाळी कशाला?"

"मी आहे ना. आणि मग त्याला एकटे सोडा. उचलू नका, बोलावू नका, टक लावून बघू नका. नव्या जागेत आलेल्या जिवाला प्रत्येक सावली म्हणजे मरण वाटते."

"आणि याच्या बदल्यात?"

"बागेत आणखी सरडे आहेत. त्यांची चौकशी करू नका."

राणीने तसे केले. मुजरे बंद, ललकारी बंद. गदाधरपंतांनी कपाळाला हात लावला. पण खरे कठीण गेले ते राणीलाच. आपला माणूस भिंतीपलीकडे, आणि डोकावायचे नाही! ती पहाटे येई, पानांवर पाणी शिंपडी, खाली मान घालून परत जाई. पुष्कळ दिवसांनी पाणी शिंपडताना तिला फांदीवर हालचाल दिसली. सरडा पानावरचे थेंब चाटत होता. त्याच्या अंगावर हिरवा रंग परतला होता. त्या दिवशी राणी पोटभर जेवली.

मग भारद्वाजाने दुसरे काम सांगितले. "दूध-पोळी बंद. जिवंत नाकतोडे द्या, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नकोत. त्यांना अंड्याच्या टरफलाची पूड लावा, नाहीतर हाडे मऊ पडतील. आणि उरलेले किडे तिथे ठेवू नका, ते त्यालाच चावतात."

राणी पदर खोचून कुरणात उतरली. गदाधरपंत मागे धावत आले. "शिव शिव! महाराजांना किडे? राणीसाहेब, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुम्ही त्या बाजूने हाकला."

प्रधानांनी आयुष्यात पहिल्यांदा नाकतोडे हाकले. सरड्याने झडप घालून पहिला नाकतोडा खाल्ला, तेव्हा मात्र पंतांच्याच तोंडून "वा!" निघून गेले. सरडा अंगाने भरला. त्याने एक कात टाकली, काही महिन्यांनी दुसरी टाकली.

तिसऱ्या कातीच्या वेळी त्याचे अंग पांढुरके पडले. भारद्वाज जाळीबाहेर येऊन बसला आणि म्हणाला, "तिसरे काम सर्वांत अवघड. कात ओढू नका."

कात खांद्यावर उकलली, आणि आत सरड्याचे खवले नव्हते. आत माणसाची गव्हाळ कातडी होती. मग कात तिथेच अडली. सरडा धापा टाकू लागला.

"ओढा, राणीसाहेब!" गदाधरपंत ओरडले. "महाराज गुदमरत आहेत!"

राणीचा हात पुढे गेला. बोटभर अंतरावर तिचा नवरा होता.

"ओढाल तर खालची कातडीही निघेल," भारद्वाज म्हणाला. "कातीला ओलावा हवा, हात नको."

राणीने हात मागे घेतला. ओले शेवाळ आणून सरड्याभोवती रचले, कोमट पाणी शिंपडले आणि ती चौकाबाहेर येऊन पाठ करून बसली. मग सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. आपण त्याला वाचवतो आहोत की मरू देतो आहोत, हे तिला कळत नव्हते.

ऊन काळ्या दगडावर आले. दगड तापला. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "कुमुद."

राजा रणधवल दगडावर बसला होता, कमरेभोवती शेवाळ, अंग थरथरत होते, नजर प्रत्येक सावलीवर दचकत होती. चोपदाराने ललकारीसाठी तोंड उघडले. गदाधरपंतांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. धावत जाऊन नवऱ्याला मिठी मारावी, असे राणीला फार फार वाटले. पण ती आत जाऊन थोड्या अंतरावर खाली बसली आणि तळहात उघडा करून जमिनीवर ठेवला. राजा त्या हाताकडे बघत राहिला. मग सरकत सरकत आला आणि त्याने त्या हातावर गाल टेकला.

शाप फिटला. राज्यभर नगारे वाजणार होते, ते राणीने थांबवले. दारावर पहारा बसला. महाराज अजून रुळायचे आहेत, रुळले की आपल्या पायांनी दरबारात येतील, असे तिने सांगून टाकले. आणि एके सकाळी ते आले.