पदराआडची हनुवटी

गडावर गुरं मरू लागली, तेव्हा किल्लेदार सुभानजीने फर्मान काढलं, की जिच्या हनुवटीवर केस ती चेटकीण, तिला कड्यावरून लोटा. आधी भागूच्या जावेला लोटलं, मग विधवा भागूला हात बांधून ओढत आणलं. सुभानजीची आई तोंडावर पदर घेऊन शेजारी बसली होती.

"काही बोलायचंय?" सुभानजी गुरगुरला.

"नवरा गेला, तेव्हा तुम्हीच गडावरच्या साऱ्या विधवांना दोऱ्यानं तोंडावरचे केस काढायला बंदी केलीत. आईसाहेबही विधवाच. त्यांचा पदर सरकवा. केस असले, तर त्याही कड्यावर येतील. नसले, तर विधवेच्या तोंडावर दोरा कुणी फिरवला, ते सांगा."

आईसाहेबांनी पदर घट्ट धरला. सुभानजीने भागूचे हात सोडवले.

"आता माणसं दरीत पाठवा," भागू म्हणाली. "माझ्या जावेला माती द्यायचीय."