शंभरपर्यंत

वरच्या मजल्यावरच्या शाल्मलीकडे त्याच कंपनीचं नेट सुसाट पळे आणि मुग्धाचा जळफळाट होई. उद्या बाळाचं उष्टावण, अन् मस्कतचा मामा व्हिडिओ कॉलवर सारखा अडकत होता. तिने कंपनीला फोन लावला. तीनदा राउटर बंद-चालू करायला लावून तिथले साहेब ऐटीत म्हणाले, "मॅडम, जाहिरात नीट वाचा. वेग शंभर'पर्यंत' लिहिलाय. तुमचा दोनचा वेगसुद्धा शंभरपर्यंतच येतो."

आपणच नीट वाचलं नसेल, असं मुग्धाला वाटून गेलं.

"आता माझ्या सेवेला दहापैकी गुण द्या."

"दहापर्यंत देते," मुग्धा म्हणाली. "एक."

साहेब हळूच म्हणाले, "थांबा मॅडम, लाइन तपासतो."

दुसऱ्या दिवशी मामाने उष्टावण न अडकता पाहिलं. जेवायला आलेली शाल्मली कुजबुजली, "तुझं नेट माझ्यापेक्षा सुसाट कसं गं पळतं?"