वाळूत रुतलेला उंट

एकदा एका तरुण शिक्षिकेची झोपच उडाली. शाल्मली तिचे नाव. प्राणी आपापल्या परिसराशी कसे जुळवून घेतात, हे शिकवण्यासाठी तिने दुसरीच्या मुलांकडून पुठ्ठ्याचे उंट, बदक, पाल असे प्राणी करवून घेतले होते. पोटात लहानशी मोटर आणि बॅटरी. बटण दाबले की प्राणी चालू लागे. आता ते पाहायला पालक आणि शिक्षणाधिकारी येणार होते. ऐनवेळी एखादा प्राणी अडला तर? या धास्तीने तिने मुलांनी लावलेले वेडेवाकडे पाय काढून सरळ काड्या बसवल्या, गुळगुळीत टेबल मांडले आणि मुलांकडून वाक्ये घोकून घेतली.

अध्यापनाचे धडे तिला ज्यांनी दिले, त्या वृद्ध गुरुजींना तिने कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मुद्दाम लवकर बोलावले. सगळे प्राणी टेबलावर न अडखळता चालले. ओवी नावाच्या मुलीने उंट चालवून एका दमात सांगितले, "उंटाचे पाय पसरट असतात, म्हणून तो वाळूत रुतत नाही."

गुरुजींनी तो उंट उचलला आणि अंगणातल्या खेळायच्या वाळूत नेऊन ठेवला. मोटर घरघरली, काड्यांचे पाय रुतत गेले आणि उंट कलंडला. ओवीचा चेहरा उतरला. पाहुणे केव्हाही येतील. शाल्मली उंट उचलायला वाकली, तोच गुरुजींनी हात आडवा केला.

ओवी उकिडवी बसून पाहत राहिली. मग तिने वर्गातून पुठ्ठ्याच्या चकत्या कापून आणल्या आणि चिकटपट्टीने पायांना लावल्या. उंट पुन्हा कलंडला. तिने आणखी मोठ्या चकत्या लावल्या. या खेपेस तो डुगडुगत का होईना, चालला.

"बाई, म्हणून पसरट असतात होय," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, "शाल्मली, गुळगुळीत टेबलावर कसल्याही पायांचा उंट चालतो. पाय पसरट का, हा प्रश्न वाळू विचारते. मुलांची फजिती होऊ नये ही तुझी तळमळ खरी. पण फजिती टाळताना तू त्यांच्या पायाखालची वाळूच काढून घेतलीस."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. शाल्मलीने मुलांना जवळ बोलावले.

"बदकासाठी टब भरा, पालीला भिंतीपाशी न्या," ती म्हणाली. "पडलं तर पडू दे. का पडलं ते आपण मिळून बघू."