ज्या विहिरीने मास्तरांना प्रार्थना शिकवली

भाविकहो, शरणदास महाराज त्या वर्षी पिंपळखोरीला येऊन राहिले होते. नगरकडच्या माळावरचे हे गाव. खाली खडक, वर ऊन, मध्ये बाभळी. अंगात जाडीभरडी कफनी, गळ्यात बाभळीच्या लाकडाचा क्रूस आणि हातात एकतारी, एवढाच महाराजांचा संसार. प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर एका कोपऱ्यात त्यांचे घोंगडे असे. सकाळी ते प्रभूचे भजन म्हणत, दुपारी आजाऱ्यांच्या घरी जात आणि कुणी काही विचारले तर आधी बराच वेळ गप्प बसत. त्यांची ही गप्प बसण्याची सवय पुष्कळांना आवडत नसे.

गिदोन मास्तरांना तर ती मुळीच आवडत नसे. मास्तर ख्रिस्ती वस्तीतल्या शाळेचे शिक्षक आणि मंडळीचे मुख्य पंच. आवाज खणखणीत, शास्त्राची वचने तोंडपाठ. ते प्रार्थनेला उभे राहिले की बाया पदर सावरून बसत. कुणाची सोयरीक असो, घराचा पाया असो की भावकीचे भांडण असो, मास्तर डोळे मिटत, थोड्या वेळाने उघडत आणि सांगत, "देवाची इच्छा अशी अशी आहे." ते म्हणतील ती पूर्व दिशा! महाराजांविषयी ते हसून म्हणायचे, "साधू माणूस. पण उत्तर यायला यांना इतका वेळ का लागतो, कोण जाणे."

त्या उन्हाळ्यात पिंपळखोरीची बारव आटली.

ही बारव वरच्या आळीची. चिरेबंदी, पायऱ्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांची. वस्तीतल्या लोकांना तिच्या पायरीवर पाऊल ठेवायची मुभा कधीच नव्हती. त्यांच्या आज्या-पणज्या घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतून घ्यायच्या. पुढे वस्तीतल्या माणसांनी खडक फोडून आपली विहीर खणली. पाणी गोड लागले. आता बारवेच्या तळाला भेगा पडल्या आणि वस्तीच्या विहिरीत मात्र अजून पाणी होते.

वस्तीत राहेलबाई नावाची एक विधवा होती. प्रार्थनामंदिर झाडायचे काम तिच्याकडे. लिहिणे-वाचणे नाही, मागे-पुढे कुणी नाही. एके दुपारी ती ओसरी झाडत होती, तेव्हा वस्तीच्या वेशीशी तिला एक म्हातारी दिसली. कमरेवर रिकामी कळशी, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती पुढे येईना, मागे जाईना आणि तोंडाने काही मागेना.

राहेलबाईने तिला ओळखले. ती वरच्या आळीची गोदाकाकू. राहेलबाई नवी नवरी होऊन या गावात आली होती, तेव्हा चुकून तिची सावली बारवेच्या कठड्यावर पडली होती. याच गोदाकाकूने तिची नवी घागर हिसकून दगडावर आपटली होती. सगळ्या बायांदेखत! माहेरून आणलेली घागर होती ती.

म्हातारीला तशी उभी पाहून राहेलबाईच्या मनाला गारवा वाटला. 'राहा उभी,' ती मनात म्हणाली, 'आता तुला कळंल.' केर भरून ती मंदिरात शिरली आणि रोजच्यासारखी गुडघे टेकून बसली. पण प्रार्थनेचा शब्द तोंडातून निघेना. घसा कोरडा पडला. आणि त्या कोरडेपणात तिला आतून स्पष्ट जाणवले, 'तिला पाणी दे.'

राहेलबाईने डोळे उघडले, तेव्हा तिचे कान तापले होते. प्रभूच्या घरात बसून आपण कुणाच्या तहानेवर खूश झालो, या विचाराने तिला समोरच्या क्रूसाकडे पाहवेना. धावत बाहेर येऊन तिने पाहिले. म्हातारी निघून गेली होती.

संध्याकाळी पंचांनी वस्ती गोळा केली. मास्तर उभे राहिले. "मी प्रार्थना केली," ते म्हणाले, "आणि देवाची इच्छा मला कळली. ही विहीर त्याने आपल्या लेकरांना दिली आहे. ती आपल्यासाठीच राखायची. घरटी ठरलेलं पाणी मिळेल. बाहेरच्याला थेंब नाही."

लोकांनी होकारार्थी माना डोलावल्या. जुने अपमान सगळ्यांनाच आठवत होते. तेवढ्यात मागून राहेलबाई उठली.

"मास्तर, रागावू नका. म्या बी आज प्रार्थनेला बसले व्हते. मला येगळंच वाटलं. त्यास्नी पानी द्यावं, असं."

मास्तर मोठ्याने हसले. "ऐकलंत? देव आता पंचांना सोडून झाडूवालीशी बोलायला लागला! राहेलबाई, तुला साधं वचन वाचता येत नाही. देवाची इच्छा तुला कुठून कळणार?"

सगळी वस्ती हसली. जिच्या बाळंतपणात राहेलबाई रात्र रात्र जागली होती, ती शेजारीणसुद्धा हसली. राहेलबाई खाली बसली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे तिला झाले.

दुसऱ्या दिवशी ती महाराजांपाशी गेली. महाराज एकतारीची तार बदलत होते.

"महाराज, आतून आवाज आला. त्यो देवाचा का माझ्या मनाचा, मला कळंना."

महाराज नेहमीसारखे गप्प बसले. तार ओढून झाली, खुंटी पिळून झाली. मग त्यांनी विचारले, "तुला स्वतःला काय करावंसं वाटत होतं?"

राहेलबाईने मान खाली घातली. "खरं सांगू? तिनं तान्हेलं ऱ्हावं आन्‌ म्या बगावं, असं. मला लई बरं वाटलं, महाराज. आता लाज वाटतीया."

"म्हणजे तुझ्या मनाला हवं होतं ते त्या आवाजानं सांगितलं नाही," महाराज म्हणाले. "पण लेकी, एवढ्यावरच विसंबू नकोस. अवघड असतं ते सगळंच देवाचं नसतं. माणूस हट्टापायीही स्वतःला छळतो. तू मला एवढंच सांग, तहानलेली बाई दारात उभी राहिली असती, तर आपल्या प्रभूंनी काय केलं असतं?"

"पानी दिलं असतं."

"हे तुला वाचता येत नसूनही ठाऊक आहे!"

"पर चुकलं तर?"

"चुकलं तर देवाच्या पायाशी जा आणि चुकले म्हण. तो ऐकेल. पण ऐकू येऊनही बसून राहिलीस, तर पुढच्या वेळी ऐकू येणं कठीण होतं."

राहेलबाई उठली. आपल्या वाट्याची घागर भरून घेतली आणि भर उन्हात वरच्या आळीत गेली. गोदाकाकूच्या दारात ती उभी राहिली, तेव्हा जुन्या सवयीने तिचे पाय उंबऱ्यापासून लांबच थांबले.

"काकू, पानी आनलंय."

म्हातारी बाहेर आली. घागरीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"तू... राहीच ना गं? त्या वेळची?"

"व्हय."

"मग कशाला आणलंस?" म्हातारीचा आवाज चिरकला. "शिव्या देऊन गेली असतीस, तर मला सोपं गेलं असतं."

तिने दोन्ही हातांनी घागर उचलून आत नेली. आत तिची सून तापाने फणफणून पडली होती. तिच्या ओठाला पाणी लागले, तेव्हा म्हातारी पदरात तोंड घालून रडली.

ही गोष्ट लपून राहिली नाही. दुसऱ्या दिवशी वेशीशी आणखी बाया उभ्या होत्या. महाराज स्वतः विहिरीवर जाऊन रहाटाशी उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला देववेल त्यानं द्यावं. ज्याला देववणार नाही, त्याच्यावर बळजबरी नाही." आधी राहेलबाईची शेजारीण पुढे आली, मग आणखी काही घरे. मास्तर शाळेच्या दारातून बघत होते. "चालू द्या," ते म्हणाले. "विहीर बोलेल काय ते."

आणि विहीर बोलली! थोड्याच दिवसांत पोहरा तळाला आपटू लागला. एका सकाळी तो वर आला, तेव्हा त्यात नुसता गाळ होता.

वस्तीत हाहाकार उडाला. कडेवरची लेकरे पाण्यासाठी रडू लागली. मास्तर तरातरा विहिरीवर आले. त्यांनी तो पोहरा उचलला आणि सगळ्यांसमोर राहेलबाईच्या पायाशी उपडा केला.

"ही बघ तुझी देवाची इच्छा! पाज आता लेकरांना. आणि महाराज, तुम्हीही पाहा. शहाण्यासुरत्यांचं सोडून वेड्या बाईचं ऐकलं की असं होतं."

राहेलबाई महाराजांपुढे कोसळली. "महाराज, म्या चुकले का? माझ्यापायी लेकरं तान्हेली ऱ्हायली. सांगा, चुकले का?"

महाराजांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, "लेकी, मला ठाऊक नाही. पुढचं मलाही दिसत नाही. पण देवानं तुला जे सांगितलं होतं, ते त्यानं मागं घेतलंय का?"

राहेलबाईने डोळे पुसले. मग उठून उभी राहिली.

"न्हाई घेतलं," ती म्हणाली. "तवा गाळ म्याच काढनार. दोर बांधा."

"उतरू द्या, उतरू द्या," मास्तर म्हणाले. "तळाशी सापडते का बघू द्या देवाची इच्छा!"

तिच्या कमरेला दोर बांधला. पण धरायला कुणी पुढे येईना, कारण मास्तरांची नजर सगळ्यांवर होती. महाराजांनी एकट्यानेच दोर धरला. इतक्यात गर्दी बाजूला सारत गोदाकाकू आली. मागे वरच्या आळीतले काही बाप्ये होते, खांद्यावर पहारी. म्हातारी विहिरीच्या काठापर्यंत चालत आली. ज्या लोकांची सावली तिने उभ्या जन्मात अंगावर घेतली नव्हती, त्यांच्या विहिरीच्या दोराला तिने आपले हात घातले.

"सोडा रं तिला सावकाश," ती म्हणाली. "दुखापत नको व्हायला."

मग वस्तीतल्या माणसांनाही नुसते उभे राहवेना. एकेकाने येऊन दोर धरला.

राहेलबाई तळाला पोचली. हाताने गाळ उपसून पोहऱ्यात भरू लागली. पोहरे वर जात, रिकामे होऊन खाली येत. ऊन डोक्यावर आले, तरी खाली खडकाशिवाय काही दिसेना. वर महाराजांनी गुडघे टेकले आणि हात जोडून एवढेच म्हटले, "प्रभो, ही तुमच्या शब्दावर उतरली आहे. हिची लाज ती तुमची लाज."

खाली राहेलबाई थकून गाळात बसली. आधारासाठी तिने एका दगडावर हात टेकला आणि तो दगड हलला. जो खडक पहारीनेही फुटला नसता, त्यातला हा दगड एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईच्या हाताखाली दात पडावा तसा सुटला! मनगटाला काहीतरी गार लागले. तिला वाटले, भास झाला. मग ते गार पाणी कोपरापर्यंत आले, मांडीपर्यंत आले.

"पानी!" ती ओरडली. "ओढा मला, पानी आलं!"

तिला वर ओढले, तेव्हा ती छातीपर्यंत भिजली होती. तिच्यामागून पाणी चढतच होते. बरकतीच्या वर्षीही विहिरीच्या भिंतीवरची जी वरची खूण कधी ओली झाली नव्हती, तिच्याही वर ते येऊन स्थिरावले. काय ती देवाची करुणा! दोन्हीकडची माणसे काठावर वाकून पाहत होती. कोण कुणाला खेटून उभे आहे, याचे भान कुणालाच नव्हते.

लोक महाराजांच्या पाया पडायला धावले, तेव्हा महाराज मागे सरले. "मी तर फक्त दोर धरला होता," ते म्हणाले. मग वळून म्हणाले, "मास्तर, तुमचा आवाज चांगला आहे. आभाराची प्रार्थना तुम्ही म्हणा. आपल्या प्रभूंनी शिकवलेलीच म्हणा."

मास्तर पुढे आले. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना. खणखणीत आवाजात त्यांनी सुरुवात केली. आणि जिथे देवाची इच्छा पुरी होवो असे म्हणायचे असते, तिथे त्यांची जीभ अडखळली. त्यांनी घसा साफ केला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडले. कुणीतरी हळूच पुढचे शब्द सांगितले. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. शब्द विसरले नव्हते.

त्यांचा चेहरा काळवंडला. ते खाली बघत बोलू लागले, आणि तो आवाज वस्तीने कधी ऐकलेला नव्हता.

"मी त्या दिवशी विचारलंच नव्हतं. डोळे मिटले होते, पण निर्णय आधीच झाला होता. मला त्यांना तडफडताना बघायचं होतं. तुम्हाला मात्र सांगितलं की देव बोलला. त्या दिवशीच नाही. कधीच विचारत नव्हतो. तुमच्या सोयरिकी, तुमची भांडणं... मला वाटेल ते मी देवाच्या तोंडी घालत होतो."

मास्तर महाराजांच्या पायांशी वाकू लागले, तेव्हा महाराजांनी त्यांना धरले आणि नजरेने राहेलबाईकडे खूण केली. मास्तर तिच्याकडे वळले. गाळाने माखलेल्या तिच्या पावलांवर त्यांनी सगळ्या गावादेखत कपाळ टेकले.

राहेलबाई दचकून खाली बसली. "मास्तर, असं करू नका! माझ्या बी मनात तेच पाप व्हतं. तुमच्यासारखंच. मला बी त्यांची तान्ह गोड लागली व्हती."

"पण तू ऐकलंस, बाई," मास्तर म्हणाले. "मी कान बंद करून बसलो."

"मग आता म्हणा," महाराज हळूच म्हणाले. "अडला होतात तिथून."

मास्तरांनी डोके वर उचलले नाही. तसेच, मातीत कपाळ टेकलेले असताना, त्यांनी ते अवघड शब्द एकेक करून उच्चारले. पाठ म्हटल्यासारखे नाही, तर मागितल्यासारखे. त्यांच्या दोन्ही बाजूंना लोकांचे गुडघे टेकत गेले.

भाविकहो, प्रभू आपल्या ओठांनाही त्या शब्दांपाशी असेच अडवो, आणि मग तोच त्यांना बोलते करो.